कळकलेली आमटी

घरोघरी गॅस आला होता, पण भांडी अजून एकमेकांशी बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट.

एके सकाळी शेजारीण कुमुदकाकूंना सांगून गेली, "अहो, नॉनस्टिकचा तवा विषारी असतो म्हणे!" झालं. मांडणीवरची सगळी भांडी तव्यापासून चार बोटं दूर सरकली.

सगळ्यात मोठा आवाज पितळेच्या पातेल्याचा. "मी काकूंच्या आजेसासूबाईंच्या वेळचं. चार पिढ्यांना जेवू घातलं. आणि हा काल आलेला घर नासवायला निघाला!"

तवा शांतपणे म्हणाला, "मला रिकामं तापत ठेवू नये, तारेच्या घासणीनं खरवडू नये, हे खरं. पण काकू यातलं काहीच करत नाहीत."

त्याचं ऐकतो कोण? काकूंनी तवा मांडणीखाली उपडा टाकला आणि मोठ्या विश्वासानं पातेल्यात चिंचगुळाची आमटी केली. ती दिवसभर त्यातच राहिली.

संध्याकाळी काकूंच्या यजमानांनी, दिगंबररावांनी, पहिलाच घास थुंकला. "अगं, आमटी कळकली की!"

काकूंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. आतली कल्हई पार उडाली होती आणि पितळेवर हिरवट थर चढला होता. "तीन वर्षांत कल्हईवाल्याकडे नेलंच नाही हो मी," त्या पुटपुटल्या. आमटी मोरीत गेली.

पातेलं खाली मान घालून तव्याला म्हणालं, "माझी कल्हई गेलेली तुला तरी दिसली असेल. बोलला का नाहीस?"

"कुठून दिसणार?" तवा म्हणाला. "सगळे माझ्याकडेच बघत होते. मीसुद्धा."