मुळावर आलेला सत्कार

रानातल्यांना माणसांकडून भाषणांचा नाद लागला, त्या काळची गोष्ट. हलक्या, कोरडवाहू जमिनीत एक हरभरा असा तरारून वाढला की साळुंकीनं लगेच सत्कार समारंभ ठरवला. सत्कारमूर्ती म्हणून बांधावरचं युरियाचं पोतं निवडलं, कारण लांबून तेवढंच ठळक दिसत होतं.

"हे पीक माझ्या नुसत्या उपस्थितीनं आलं," पोतं म्हणालं. त्याची शिवणही अजून उसवलेली नव्हती.

गांडुळाला राहवेना. ते मातीतून डोकं काढून म्हणालं, "अहो, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी आहेत. त्यांत बारीक जिवाणू राहतात. हवेतलं नत्र ओढून तेच त्याला भरवतात."

"मग त्यांना व्यासपीठावर आणा!" साळुंकी कडाडली. "अंधारात बसून कुणी मोठं होतं का?"

"त्यांचं सगळं अंधारातच चालतं, बाई. ऊन सोसत नाही त्यांना."

"सत्काराला नाही म्हणतात? केवढा हा ताठा!"

घुशींनी मोठ्या मानानं हरभरा मुळासकट उपटला आणि गाठींसह भर उन्हात पाटावर मांडला. प्रास्ताविक लांबलं. मग पाहुण्यांची ओळख लांबली. आभारप्रदर्शनापर्यंत हरभऱ्यानं मान टाकली होती आणि गाठी वाळून गेल्या होत्या.

लगेच तिथंच शोकसभा भरली. हारही तेच वापरले. अध्यक्षस्थानी अर्थातच पोतं होतं.

"त्यांच्या जाण्यानं झालेली पोकळी मी भरून काढीन," ते गहिवरून म्हणालं.

शिवण अजून तशीच होती.