शून्य धरलेले वस्तुमान

एकदा एका संशोधन संस्थेच्या जिन्यात भांडण जुंपले, आणि त्याचा निवाडा एका मृत ताऱ्याच्या पोटात झाला.

त्या संस्थेत एक वृद्ध आचार्य होते. मेलेल्या ताऱ्यांच्या गाभ्यात, जिथे चमचाभर द्रव्य डोंगराएवढे जड असते, तिथे पदार्थाचे काय होत असेल हे गणिताने शोधण्यात त्यांची हयात गेली होती. शर्वरी, यशोधन आणि वनमाला हे त्यांचे तीन शिष्य मिळून एक शोधनिबंध लिहीत होते. तो त्याच संध्याकाळी परिषदेकडे पाठवायचा होता. वनमालेचा भाग अजून अपुरा होता, आणि त्या दिवशीही ती उशिरा आली.

“बस चुकली,” जिना चढता चढता वनमाला म्हणाली.

“तुझी बस रोज चुकते. आमची कधीच कशी चुकत नाही गं?” शर्वरी वरच्या पायरीवर वाट अडवून उभी होती.

“तुम्हाला बस लागतच नाही म्हणून. वसतिगृहाचं दार उघडलं की तुमच्यापुढे संस्था.”

“आधी वर तरी चला,” यशोधन मध्ये पडला. “नाही तर इथेच तारा थंड होईल.”

कुणीच हसले नाही.

वनमालेच्या घरचे शर्वरीला ठाऊक नव्हते असे नाही. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांचे अंग पुसून, त्यांना भरवून, शेजारणीला त्यांच्याजवळ बसवून मग वनमाला घराबाहेर पडे. पण शर्वरीची समतेवर निष्ठा होती, आणि निष्ठावंतांना सवलत सहन होत नाही. संस्थेत चाललेले लाड तिने पाहिले होते. कुणाच्या भाच्याला जागा, कुणा खुशामतखोराला परदेशवारी. निदान आपल्या तिघांत तरी असे काही घडू द्यायचे नाही, असा तिचा पण होता. त्यांच्या खोलीच्या दारावर तिने स्वतःच्या हाताने कागद चिकटवला होता: समान तास, समान पाने, समान श्रेय. रोज सकाळी आठ वाजता बैठक.

ती तणतणत आचार्यांच्या खोलीत शिरली.

“सर, निबंधातून वनमालाचं नाव काढा. नाही तर माझं काढा.”

आचार्यांनी चष्म्यावरून पाहिले. “माझं काढायला कुणीच कसं सांगत नाही?”

“थट्टा नको सर. तिघांत दोघांनी राबायचं आणि श्रेय मात्र तिघांनी घ्यायचं, हा अन्याय आहे.”

“नाव गेलं तर तिची शिष्यवृत्ती बंद होईल. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. मग वेळेवर यायचं होतं तिने.”

आचार्यांनी खडू पुढे केला. “फळ्यावर ये. गाभ्यात काय होतं ते मला समजावून सांग.”

“आत्ता? सर, संध्याकाळपर्यंत...”

“आत्ता.”

रागातही शर्वरीचा हात सरावाने चालू लागला. प्रचंड दाबाखाली न्यूट्रॉन एकमेकांत चेपले जातात आणि त्यांच्या आतले क्वार्क मोकळे होतात. अप, डाउन आणि दाबाखाली त्यांच्यातूनच घडणारा स्ट्रेंज, अशा त्यांच्या तीन जाती. संवेग, म्हणजे धावण्याचा जोर, सारखा असला की तिन्ही जातींचे क्वार्क परस्परांशी जोड्या जमवतात, आणि सारा गाभा एका लयीत बांधला जाऊन अतिवाहक, म्हणजे प्रवाहाला कुठेच न अडवणारा, होतो. अखेरच्या ओळीखाली तिने दुहेरी रेघ ओढली. उत्तर देखणे होते.

आचार्य उठले. या शास्त्रातल्या रिवाजाप्रमाणे शर्वरीने फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, आपली गृहीते लिहिली होती. त्यांत एक होते: स्ट्रेंज क्वार्कचे वस्तुमान शून्य. आचार्यांनी ते शून्य अंगठ्याने पुसले आणि त्या जागी खरा आकडा लिहिला. मग डस्टर तिच्या हातात दिले.

“आता यातलं जे उभं राहत नाही, ते पूस.”

शर्वरीचे कान तापले. “सर, शून्य तर सगळेच धरतात! गणित सुटावं म्हणून!”

“सगळे धरतात म्हणून तो हलका होत नाही. पूस.”

तिने पुसायला सुरुवात केली. आधी दुहेरी रेघ, मग अखेरची ओळ, मग तिच्यावरची. पावसाळाभर केलेले काम दातओठ खात ती आपल्याच हाताने पुसत गेली. फळा जवळजवळ रिकामा झाला तेव्हा तिने डस्टर टेबलावर आदळले. खडूची भुकटी उडून आचार्यांच्या चहात पडली.

“झालं समाधान?”

“नाही झालं!” आता आचार्यांचाही आवाज चढला. “स्ट्रेंज क्वार्कला ऊर्जा इतरांएवढीच मिळते ना?”

“हो.”

“मग त्याचा संवेग कमी का पडतो?”

“ऊर्जेचा काही हिस्सा त्याच्या वस्तुमानातच जातो. धावायला उरते ती कमी.”

“म्हणजे तो आळशी आहे?”

शर्वरीने बोटांवरची भुकटी झटकली.

“त्याची ऊर्जा कमी नाही, शर्वरी. ती तुझ्या नजरेआड आधीच खर्च झालेली असते. तू एकाचं ओझं शून्य धरलंस, आणि मग तो मागे पडला म्हणून त्याच्यावरच चिडलीस. याला तू समता म्हणतेस? संस्थेतल्या बड्यांच्या लाडांवर तू संतापतेस, ते योग्यच आहे. आणखी संताप. पण तेही हेच करतात. स्वतःच्या खांद्यावर काही नसतं, म्हणून कुणाच्याच खांद्यावर काही नाही असं समजून नियम लिहितात.”

“मग काय करायचं?” तिचा राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढावा हे तिला कळेना. “जोड्या तुटू द्यायच्या?”

“ते तू सांग. बंध कमजोर असेल तर तुटतात. आणि घट्ट असेल तर?”

उत्तर तिला पाठ होते. परीक्षेत तिने ते लिहिलेही होते.

“घट्ट असेल तर तिघांचा संवेग सारखा होतो. जड थोडा वर चढतो, आणि हलके दोघे...” ती थांबली.

“बोल की.”

“हलके दोघे आपल्या जागेवरून थोडे खाली येतात.”

“फुकट येतात?”

“नाही. त्यांना त्याची किंमत मोजावी लागते.” तिचा आवाज खाली आला होता. “पण जोडी टिकल्याने जे मिळतं, ते त्याहून मोठं असतं.”

आचार्यांनी भुकटी पडलेल्या चहाचा घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि पेला बाजूला सारला. “जा. संध्याकाळ व्हायला वेळ आहे अजून.”

आपल्या खोलीच्या दाराशी शर्वरी थबकली. स्वतःच्या अक्षरातला तो कागद तिने वाचला आणि एका हिसक्यात फाडून काढला. आत वनमाला मान खाली घालून काम करत होती.

“किती राहिलंय?”

“गाभा कसा थंड होतो, तो सगळा भाग.” वनमालेने मान वर केली नाही. “करते मी. उपकार नकोत.”

“उपकार नाहीत. आठची वेळ मी ठरवली होती, वसतिगृहात बसून. तुला गाठता येते ती बस कितीला पोचते, ते कधी विचारलंच नाही.”

वनमालेने आता मान वर केली. “पावणेदहाला.”

“मग उद्यापासून बैठक दहाला. हा भाग तिघांत वाटून घेऊ. आणि ते शून्य काढायचंय, शेवटची ओळ बदलेल.”

“आणि समान पानांचं काय झालं, बाईसाहेब?” यशोधनने टोमणा मारला.

“गृहीतक चुकलं होतं,” शर्वरी म्हणाली आणि खुर्ची ओढून वनमालेशेजारी बसली.

संध्याकाळी निबंध गेला. उत्तर पूर्वीइतके देखणे राहिले नव्हते. खाली तिन्ही शिष्यांची नावे मात्र कायम होती.

समतेचा नियम दारावर लावणाऱ्याने आधी एवढेच पाहावे, की तो लिहिताना आपण कुणाचे ओझे शून्य धरले आहे.