सुपातले शब्द

एक होता राजा. सुपांना जादू यायची, त्या काळातला. आता कुठली तशी सुपं, बाळांनो! आणि चिंचेखाली सारवलेली ती गार जागा तरी कुठं राहिली! तिथं गुणाआजी पोरांना शिकवायची. कुणी काही बोललं की म्हणायची, "टाक सुपात." मग पाखडायची. डोळ्यांनी पाहिलेलं, तपासलेलं असेल ते दाणा होऊन राही. नुसतं ऐकीव, नुसतं मनातलं असेल ते फोलासारखं उडून जाई, बरं का.

एकदा काय झालं, ऐन भादव्यात राणीचा मोर नाहीसा झाला. शिपायांनी चोर म्हणून गावातल्या तुळसाला धरून नेलं. राजा म्हणाला, "दिवस मावळायच्या आत हिला नदीपार हाकला."

तुळसाची लेक हौशी, आजीकडं शिकणारी. ती रडत आजीकडं पळाली. आजीनं सूप तिच्या हातात दिलं. "पाखडता येतं ना? मग जा."

मग भर दरबारात हौशीनं सूप धरलं.

पहारेकरी म्हणाला, "अख्खा गाव म्हणतोय, मोर हिनंच चोरला."

"तुम्ही पाहिलंत, मामा?"

"मी? मी जरा पेंगलो होतो."

शब्द भुर्रकन उडाले.

मग दासी म्हणाली, "हिच्या अंगणात हे मोरपीस सापडलं." सुपात टपोरा दाणा पडला. हौशीनं पाखडलं, पुन्हा पाखडलं. दाणा जाईना.

मग हौशी घाबरून ओरडली, "माझी आई चोर नाही!" आणि काय सांगू, तिचेच शब्द उडून गेले! शिपायांनी तुळसाचा हात धरला.

हौशीनं डोळे पुसले. पीस उचललं, देठ पाहिला.

"महाराज, उपटलेल्या पिसाचा देठ ओला असतो. हा कोरडा आहे. हे आपोआप गळलंय." टप्! एक दाणा.

"राणीसाहेब, बागेत पिसं पडतात का?"

"अगं, पंधरा दिवस रोज वेचतेय." टप्!

"म्हणजे मोर आमच्या अंगणात येऊन गेला, एवढंच ठरतं. आणि पिसारा गळालाय, तर बिनपिसाऱ्याचा मोर शोधा!" टप्!

शिपाई धावले. मोर बागेतच, करवंदीच्या जाळीत लाजून बसलेला!

"हा होय? आम्हाला वाटलं कोंबडी!"

मग राजानं हात जोडून तुळसाला सोडलं. वाटेनं हौशी म्हणाली, "आये, माझे शब्द उडाले गं."

तुळसानं तिला पोटाशी धरलं. "राजाला नाही पुरले, बाय. मला पुरले."

मग मायलेकींनी गरम भाकरी खाल्ली आणि एका गोधडीत सुखानं निजल्या. तुम्हीही निजा आता. पाय आत घ्या, गार वारं सुटलंय.