वादातली माती

जनावरं आपले तंटे पंचांपुढे नेत असत, तेव्हाची गोष्ट. एका टेकडीवर रानडुकरं आणि अस्वलं दोघंही हक्क सांगत. तिथे राहत होती साळिंदरं, पण त्यांना कुणी विचारतच नव्हतं. शेवटी साळिंदरांनी काटे उभारले, डुकरांना पिटाळून अर्धी टेकडी ताब्यात घेतली आणि त्यांची म्होरकी गिरजा मोठ्या आशेने पंचांकडे निघाली.

तिथली रीत अशी, की आपल्या मुलखातली माती पानात बांधून आणायची आणि तिच्यावर उभं राहून बोलायचं. गिरजेने माती पसरली. सरपंच गव्याने ती हुंगली.

"बाई, ही माती वादातली. हिच्यावर उभं राहून बोलता येत नाही."

"डुक्कर आणि अस्वल हिच्यावरच उभं राहून बोलून गेली की."

"त्यांचा वाद आहे. तुम्ही नुसते रहिवासी."

"मग आमचं ऐकणार कोण?"

"आपलं आपण ठरवायचा हक्क सगळ्यांना आहे, तसं कलमच आहे," गवा मायेने म्हणाला. "फक्त हद्दी हलवायच्या नाहीत, हेही कलम आहे. आणि काटे उभारणं तर गुन्हाच."

गिरजेने त्याच्या पायाखालच्या हिरव्यागार कुरणाकडे पाहिलं. ते पूर्वी हत्तींचं होतं, हे तिला ठाऊक होतं.

"आजोबा, तुम्ही शिंगं उगारून हत्तींपासून फुटलात, तो गुन्हा नव्हता?"

गव्याने सावकाश रवंथ संपवला.

"होता ना," तो म्हणाला. "आम्ही जिंकलो त्या दिवसापर्यंत होता."