मागे पडणारा पिंजरा

फार वर्षांपूर्वीची गिरणी. काशिबाची होती की त्याच्या मेहुण्याची, हे आता नीट आठवत नाही. तिथल्या मोटरीत एक पिंजरा फिरत असे. त्याला वायर जोडलेली नव्हती. भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यांतले चुंबकाचे बळ गरगर फिरत त्याच्या सळ्यांना ओलांडून जाई, तेव्हा सळ्यांत वीज उठे आणि तो त्यामागे धावे.

शेजारच्या जुन्या मोटरीच्या फिरत्या भागाला वीज कार्बनचे ब्रश घासून मिळे. ती हिणवायची, “पिंजरेराव, जन्मभर मागेच का?”

एकदा जाते रिकामे असताना पिंजरा जीव खाऊन धावला. बळाला गाठणार, तोच बळ सळ्यांना ओलांडेनासे झाले आणि अंगातला जोर ओसरला. इतक्यात गिरणीवाल्याने जोंधळे ओतले. आता आपण अडकणार, असे वाटून पिंजरा घाबरला. तो मागे पडला, बळ पुन्हा सळ्यांना ओलांडू लागले, आणि त्यांत ताकद भरली.

“होय आक्का, मागेच,” तो जुन्या मोटरीला म्हणाला.

बऱ्याच वर्षांनी मिस्त्रीने यंत्र लावून, हिशेब करून सांगितले: बळाचे मिनिटाला पंधराशे फेरे होते, पिंजऱ्याचे चौदाशे चाळीस.