झिऱ्यापाशी थांबलेली हत्तीण

नेमकी किती वर्षं झाली हे सांगायला त्या काळचं कुणी उरलेलं नाही, इतकी जुनी ही गोष्ट. समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या झुडपी रानात घडलेली. आपलं पंचांग तिकडे चालत नाही. तिकडे थंडी अगदी कोरडी असते आणि पाऊस येतो तो ऐन उन्हाळ्यात.

त्या रानात एक म्हातारी हत्तीण होती. थंडी सरता सरता नदी आटायची, पात्रात नुसती वाळू उरायची. मग ही हत्तीण खाली उतरायची, सोंडेने वाळू हुंगत फिरायची आणि एका जागी थांबून पायाने झिरा खणायला लागायची. तिने खणलेल्या खड्ड्यात पाणी झिरपलं नाही, असं कधी झालं नव्हतं. आधी तिचा कळप प्यायचा, मग झेब्रे, हरणं, रानडुकरं, शेवटी पाखरं. जाताना जो तो म्हणायचा, "आजी, तू होतीस म्हणून!" तिला ते ऐकायला फार आवडायचं. कुणाला नाही आवडत?

पण ती थकली होती. किती वर्षं खणत होती, तिचं तिलाच आठवत नव्हतं. उजवा पाय रात्रंदिवस ठणकायचा. तोंडात शेवटच्या दाढा उरल्या होत्या, त्याही झिजलेल्या. धाकटी बहीण म्हणायची, "अक्का, आज मी खणते." ही तिला सोंडेने बाजूला सारायची. "तुला नाही जमायचं. वाळू ढासळवशील."

त्या वर्षी कोरडे दिवस फार लांबले. एका झेब्र्याच्या मादीचं, आपण तिला झेब्रीणच म्हणू, शिंगरू झिऱ्याच्या काठावर आडवं पडलं. हत्तिणीने सोंडेतलं पाणी त्याच्या तोंडात सोडलं, तेव्हा कुठे ते पाय झाडून उठलं. झेब्रीण किती वेळ तिच्या पायाला डोकं घासत उभी होती.

मग पाऊस आला आणि पंधरा दिवसांत रान ओळखू येईना. हरिणींना ठरवल्यासारखी एकाच आठवड्यात पाडसं झाली. महिनोन्‌महिने मातीत झोपलेले बेडूक वर येऊन कान किटवू लागले. सुगरणींचे मळकट नर पिवळेधमक झाले आणि घरटी विणायच्या मागे लागले. झेब्र्यांच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. पाण्यासाठी एका जागी गोळा झालेले सगळे चारी दिशांना पांगले, कारण आता प्रत्येक खळग्यात पाणी होतं.

झिऱ्यावर कुणी येईना.

"अक्का, चल ना," धाकटी म्हणाली. "टेकडीपलीकडे गवत अगदी कोवळं आहे. तुझ्या दाढांना झेपेल असं. एकदा का ते जून झालं की तुला चावता यायचं नाही. आत्ता पोटभर खाल्लंस तर पुढची कोरड निभावेल."

"आणि इथे कुणी पाणी प्यायला आलं तर?"

"कोण येणार आहे? पाणी कुठे नाहीये?"

"तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून."

कळप गेला. ही मागून गेलीच नाही. पावसाने झिऱ्यात रोज चिखल जमायचा, तो ती रोज उपसायची. काठावरचं गवत जनावरांनी कधीच तुडवून संपवलं होतं; जवळपास जे काही राठ, वाळकं मिळेल ते चघळायची.

एक दिवस पलीकडच्या काठाने झेब्रीण चालली होती. मागे शिंगरू उड्या मारत होतं.

"अगं, ये! पाणी पिऊन जा!" हत्तिणीने हाक मारली.

"आजी, माझ्या खुराच्या ठशातसुद्धा पाणी साचतंय!" झेब्रीण हसली. "तू अजून इथे काय करतेस? दमली असशील. जा, चर जा निवांत."

ती बोलली मायेनेच. हत्तिणीच्या मात्र जिव्हारी लागलं. आपल्याला राग आलाय असं तिला वाटलं, पण ती भीती होती. पाणी काढून देणारी आजी, एवढीच तिची स्वतःशी ओळख होती. ते काम नसेल तर आपण कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून ती दुखरा पाय ओढत पुन्हा चिखल उपसायला लागली.

काही दिवसांनी वरच्या अंगाला पाऊस कोसळला आणि नदीला लोंढा आला. पाणी ओसरलं तेव्हा झिऱ्याची खूणसुद्धा उरली नव्हती. सगळीकडे सपाट वाळू. आता राखायलाच काही नाही म्हटल्यावर हत्तीण टेकडीपलीकडे गेली. गवत पुरुषभर वाढलं होतं आणि पार जून झालं होतं. ती घास घ्यायची, खूप वेळ चघळायची आणि तो तसाच गोळा होऊन तोंडातून बाहेर पडायचा.

कोरडे दिवस फिरून आले. नदी आटली. सगळे पात्रात जमले आणि वाट पाहू लागले.

"आजी, खण ना," झेब्रीण म्हणाली. शिंगरू तिच्या पोटाला टेकून उभं होतं.

हत्तिणीने वाळू हुंगली, उजवा पाय उचलला, टेकवला आणि ती तिथेच खाली बसली. उठायचा तिने तीनदा प्रयत्न केला.

मग धाकटी पुढे झाली. बिचारीला आजवर कुणी खणूच दिलं नव्हतं. पहिला खड्डा कोरडा निघाला. दुसरा ढासळला. तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. झेब्रिणीचं शिंगरू दुसऱ्या दिवशीच गेलं होतं.

त्या दिवशी पाणी पिऊन जाताना "तू होतीस म्हणून" असं कुणी म्हणालं नाही.

धाकटीने सोंडेत पाणी भरून आणलं आणि बहिणीच्या तोंडात सोडलं.

"मी दमले होते गं," म्हातारी म्हणाली. "तेव्हा, पावसातच. तुला सांगायला हवं होतं."

"मला दिसत होतं, अक्का. पी आता."

बोध : विसाव्याचे दिवस जो विसावा न घेता घालवतो, तो गरजेच्या दिवशी कुणासाठीच उभा राहू शकत नाही.