रिकामी रांग

एका तालुक्याच्या गावी एक तंत्रनिकेतन होतं आणि त्याच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक खडूस राहत होता. खडूस म्हणजे कुणी माणूस नव्हे. मुलं कोडी सोडवणारे प्रोग्राम लिहीत, आणि ते प्रोग्राम तपासणारी ती एक यंत्रणा होती. प्रोग्राम लिहायचा आणि तिच्याकडे पाठवायचा. ती आपल्याजवळच्या गुप्त उदाहरणांवर तो चालवून बघायची. सगळी उत्तरं जुळली तर पडद्यावर हिरवी पट्टी, एक जरी चुकलं तर लाल. कुठे चुकलं, का चुकलं, ते विचारायची सोय नव्हती. रडा, हात जोडा, तिला पाझर फुटत नसे. म्हणून मुलांनीच तिचं बारसं करून खडूस हे नाव ठेवलं होतं.

दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या शलाकाशी तर या खडूसचं जणू हाडवैरच होतं. पोरगी बुद्धीने कमी नव्हती, पण धीर म्हणाल तर नावाला नाही. लाल पट्टी आली की ती प्रोग्राममध्ये कुठेतरी एक मिळवायची आणि पाठवायची. पुन्हा लाल आली की तोच एक वजा करायची आणि पाठवायची. लॅबमध्ये याला तुक्का मारणं म्हणत. सगळेच मारत, पण शलाकाइतक्या हौसेने कुणी मारत नसे.

या तंत्रनिकेतनातून दरवर्षी तिघांचा संघ पुण्याला राज्यस्तरीय स्पर्धेला जाई. मागच्या वर्षी संघ निघाला तेव्हा शलाका एसटी स्टँडवर टाळ्या वाजवायला गेली होती. टाळ्या वाजवून घरी आली आणि त्या दिवशी जेवली नाही. पुढच्या वर्षी त्या गाडीत मी बसणार, असं तिने आईला सांगितलं, मामीला सांगितलं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालासुद्धा सांगून टाकलं. आणि नुसतं सांगून थांबली नाही. कॉलेज सुटल्यावर ती रोज लॅबमध्ये बसू लागली. अगदी पहिल्या पायरीची सोपी कोडी तिने सोडवायला घेतली. कुणी हसलं की म्हणायची, "हसा. गाडी सुटेल तेव्हा मी खिडकीतून हात दाखवीन."

निवड स्पर्धेचा दिवस आला. कोडी संघाची तयारी करून घेणाऱ्या दहिफळे मॅडमनी स्वतः रचली होती आणि खडूसच्या पोटातली गुप्त उदाहरणंही त्यांनीच भरली होती. शलाकाने भराभर कोडी सोडवली आणि एका कोड्यापाशी येऊन अडली. कोडं साधंच होतं. एका रांगेत काही खुर्च्या आहेत, त्यांतल्या काहींवर मुलं आधीच बसली आहेत. परीक्षा आहे, त्यामुळे दोन मुलं लगतच्या खुर्च्यांवर बसता कामा नयेत. तर आणखी जास्तीत जास्त किती मुलं बसवता येतील?

दोन बसलेल्या मुलांच्या मधल्या मोकळ्या खुर्च्यांचा हिशेब तिने बरोबर मांडला. तोच हिशेब रांगेच्या दोन्ही कडांना लावला आणि प्रोग्राम पाठवला. लाल. वेळ सरत होता. कडेच्या हिशेबातून तिने एक वजा केला. लाल. मग वजा करण्याऐवजी मूळ हिशेबात तिने एक मिळवला, डोळे मिटले आणि बटण दाबलं. डोळे उघडले तर पडद्यावर हिरवीगार पट्टी! ती का आली, ते शलाकाला ठाऊक नव्हतं आणि त्या घडीला ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

निकाल फळ्यावर लागला. तिसरं नाव शलाकाचं होतं. चौथा हर्षल. त्यानेही तेवढीच कोडी सोडवली होती, पण त्याला वेळ जास्त लागला होता. हर्षलला सगळं करायलाच वेळ लागे, म्हणून वर्गाने त्याला गोगलगाय ठरवून टाकलं होतं. शलाकाला आनंद कुठे ठेवू असं झालं. घरी तिच्या आईने अख्ख्या गल्लीला बातमी दिली आणि प्रवासासाठी चिवडा करायला घेतला.

दुसऱ्या दिवशी संघाचा सत्कार होता. दुसऱ्या क्रमांकावर आलेला निनाद हा शलाकाचा जुना मित्र. दोघं सभागृहात खुर्च्या मांडायला गेले. निनादने थप्पीतून पहिली खुर्ची काढली, रिकाम्या सभागृहात मधोमध ठेवली आणि वाकून म्हणाला, "बसा बाईसाहेब. पहिला मान तुमचा."

शलाका हसत पुढे झाली आणि बसता बसता थबकली. समोर एकच खुर्ची होती. तिच्यावर कुणी नव्हतं, आजूबाजूलाही कुणी नव्हतं. आणखी किती मुलं बसतील? शेंबडं पोरसुद्धा सांगेल, एक. पण शलाकाने कालचा आपला प्रोग्राम मनातल्या मनात चालवून पाहिला. तो अख्ख्या रांगेला कडेचाच हिशेब लावून सांगत होता, शून्य. समोर रिकामी खुर्ची होती आणि तिचा प्रोग्राम म्हणत होता, जागा नाही. तिने तीन खुर्च्यांची रिकामी रांग धरून पाहिली. दोन मुलं बसायला हवीत, तिचा प्रोग्राम एकच बसवत होता.

"निनाद, माझं खुर्च्यांचं उत्तर चुकलंय," ती म्हणाली. "रांगेत आधी कुणीच बसलेलं नसेल तर चुकतं."

"पण खडूसने हिरवं दिलंय ना?"

"त्याच्याकडे रिकामी रांग नसणार."

"मग मॅडम उदाहरण घालायला विसरल्या. त्यात तुझा काय दोष?" निनादने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "शलाका, वेडेपणा करू नकोस. वर्षभर मरमर केलीस ती यासाठी?"

निनादचं काही खोटं नव्हतं. तिने गप्प राहायचं ठरवलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. डोळ्यांसमोर गाडी उभी होती, खिडकी मोकळी होती, चिवड्याचा डबा भरून तयार होता. पण काल डोळे मिटून दाबलेलं ते बटण तिला आठवलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. खुर्चीवर न बसता ती तडक मॅडमच्या खोलीत गेली.

दहिफळे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. कपाळाला हात लावून त्या म्हणाल्या, "अगं, ही चूक आधी माझी. रिकामी रांग मी घालायला हवी होती. आता ती घालून सगळ्यांचे प्रोग्राम पुन्हा चालवावे लागतील. तुझं नाव राहणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय, मॅडम."

"मग न सांगता गप्प का नाही बसलीस?"

"मला ते उत्तर आलं नव्हतं, मॅडम. तुक्का लागला होता. पुण्यात तो लागला नाही तर मी काय करणार?"

मॅडमनी कॉम्प्युटर सुरू केला. नवं उदाहरण खडूसच्या पोटात गेलं आणि बऱ्याच जणांच्या हिरव्या पट्ट्या लाल झाल्या. पहिल्या दोघांच्या टिकल्या. हर्षलचीही टिकली. फळ्यावर तिसरं नाव पुसलं गेलं आणि तिथे हर्षलचं आलं.

शलाका सत्काराला टाळ्या वाजवून सरळ लॅबमध्ये गेली. स्पर्धा संपली होती, आता गुण मिळणार नव्हते. तरी तिने तेच कोडं पुन्हा उघडलं. या वेळी कीबोर्डला हात लावला नाही. आधी बोटांवर खुर्च्या मांडल्या. एक खुर्ची, मग दोन, मग तीन. हळूहळू तिला दिसू लागलं. दोन मुलांच्या मधल्या जागेत दोन्ही टोकांची एकेक खुर्ची वाया जाते. कडेच्या जागेत शेजारी एकाच बाजूला असतो, म्हणून एकच खुर्ची वाया जाते. आणि रांगेत कुणीच नसेल तर काहीच वाया जात नाही. इतकं साधं होतं ते! कालचा तो एक का मिळवावा लागला, हे तिला आज कळलं. तिने प्रोग्राम लिहिला, पाठवला आणि हिरवी पट्टी आली. तिच्या खाती या पट्टीचे गुण जमा झाले नाहीत.

संघ निघाला त्या दिवशी ती स्टँडवर गेली. टाळ्या वाजवताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिने लपवलं नाही. मग चिवड्याचा डबा हर्षलच्या हातात देऊन तिने विचारलं, "एकच रिकामी खुर्ची असली तर काय होईल, हे तुला सुचलं कसं रे?"

"मी नेहमी तिथूनच सुरू करतो," हर्षल ओशाळून म्हणाला. "सगळ्यात लहान उदाहरणापासून. म्हणून तर उशीर होतो."

गाडी सुटली. शलाका घरी आली, ताट वाढून घेतलं, पोटभर जेवली आणि पुन्हा लॅबमध्ये गेली.

त्या दिवशी तिने एक पण केला. लाल पट्टी आली की कीबोर्डवरून हात काढायचे आणि चूक कुठे होते ते स्वतः शोधायचं. ते सापडेपर्यंत पुन्हा पाठवायचं नाही. सुरुवातीला फार जड गेलं. इतर मुलं तुक्के मारून पुढे जायची आणि ही एकाच सोप्या कोड्यापाशी बसलेली असायची. निनाद म्हणाला, "आता तूही गोगलगाय झालीस की!" ती म्हणाली, "होऊ दे." काही महिन्यांत लाल पट्ट्या कमी झाल्या. मग वेगही आला, आणि तो कुठून आला ते तिला नेमकं सांगता येत होतं.

पुढच्या वर्षीच्या निवड स्पर्धेत एका कोड्याने सगळी लॅब लाल करून टाकली. चहूकडे खटाखट बटणं वाजत होती. कुणी एक मिळवत होतं, कुणी एक वजा करत होतं. शलाका हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. तिने सगळ्यात लहान उदाहरण धरलं, मग त्याहून थोडं मोठं, आणि गाठ कुठे आहे ती तिला सापडली. तिने एक ओळ बदलली आणि प्रोग्राम पाठवला.

हिरवी पट्टी आली तेव्हा शेजारची मुलगी ओरडली, "शलाका, आली बघ!" पण शलाकाने मान वर केली नाही. पट्टी येणार हे तिला पाठवण्याआधीच माहीत होतं. ती पुढचं कोडं वाचत होती.

तात्पर्य: नशिबाने बरोबर आलेलं उत्तर आपलं नसतं, ते का बरोबर आहे हे ज्याला सांगता येतं, त्याचंच ते असतं. म्हणून 'मला हे आलेलं नाही' असं कबूल करून जो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, त्याचं शिकलेलं कायमचं त्याचं होतं.